साथीचा कायदा आणि कोकणचा चाकरमानी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेगच्या काळात मुंबई–कोकण प्रवासावर सरकारने कोणती बंधनं घातली, कोणत्या कायद्याने घातली आणि त्यातलं आज काय उरलंय, हे विचारणारी पत्रं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातून सतत येत असतात. बहुतेकांच्या घरात एखादी ऐकीव गोष्ट असते. कुणाच्या पणज्याला बंदरात उतरू दिलं नव्हतं, कुणाच्या घरचं अंथरूण-पांघरूण जाळलं होतं. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

वाचताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: कायदा, त्या कायद्याखाली काढलेले नियम, आणि जागेवर झालेला अंमल. निम्मा गोंधळ या तिन्हींची सरमिसळ केल्याने होतो.

१. १८९७ चा साथीचा कायदा म्हणजे नेमकं काय?

हा त्या वर्षीचा तिसरा कायदा. त्यात चारच कलमं होती. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारचे अधिकार, तिसऱ्यात शिक्षा, चौथ्यात अधिकाऱ्यांना संरक्षण. सगळं वजन दुसऱ्या कलमात आहे. घातक साथ आली आहे किंवा येऊ घातली आहे आणि नेहमीचे कायदे अपुरे पडताहेत असं सरकारचं मत झालं की त्याला वाटतील ते उपाय करता येत, लोकांनी पाळायचे तात्पुरते नियम जाहीर नोटिशीने लागू करता येत आणि हे काम कोणाही माणसावर सोपवता येई.

‘प्लेग’ हा शब्द कायद्यात कुठेही नाही. ‘घातक साथीचा रोग’ कशाला म्हणायचं याची व्याख्याही नाही. प्रवाशांबद्दलचे दोन अधिकार मात्र नाव घेऊन लिहिले आहेत. एक, रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांना तपासणं आणि संशयितांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळं ठेवणं. दुसरा, बंदरात येणारी किंवा तिथून सुटणारी जहाजं तपासणं आणि ती जहाजं व त्यातली माणसं अडकवून ठेवणं.

अडकवलेल्या माणसाला जेवण, पाणी, औषध कोणी द्यायचं, त्याने दाद कुठे मागायची, घरच्यांना कळवायचं की नाही, याबद्दल कायद्यात एक ओळ नाही. अधिकार सगळे सरकारचे आणि कर्तव्य एकही नाही. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला याच रिकाम्या जागेत दिसतं.

२. प्लेग मुंबईत होता, मग कोकणातल्या माणसांना एवढा त्रास का?

कारण मुंबईतला कामगार मोठ्या प्रमाणावर कोकणातला होता. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी सव्वा लाखाहून जास्त लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही बहुतेक आला, सावंतवाडी संस्थान वगळून.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या चार-पाच महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून निम्म्याच्या जवळपास माणसं बाहेर पडली. गिरण्या ओस पडल्या. साथ ऐन थंडीत आणि शिमग्याच्या तोंडावर जोर धरत होती. समुद्र शांत असतो, आगबोटी नियमित चालतात आणि चाकरमानी तसाही घराकडे निघतो, तो हाच हंगाम. सरकारी नजरेला गावी निघालेला प्रत्येक माणूस रोग वाहून नेणारा दिसत होता. हे कितपत खरं होतं ते प्रश्न १४ मध्ये.

३. कायदा खरंच एका आठवड्यात झाला का? एवढी घाई कशाची?

हो. २८ जानेवारी १८९७ ला कलकत्त्याच्या कायदेमंडळात जॉन वुडबर्न यांनी विधेयक मांडलं आणि ४ फेब्रुवारीला ते मंजूर झालं. व्हाइसरॉय होते लॉर्ड एल्गिन. अधिकार असाधारण आहेत हे वुडबर्न यांनी मांडतानाच मान्य केलं होतं. अधिकाऱ्यांच्या तारतम्यावर लोकांनी विश्वास ठेवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

घाईचं एक कारण मुंबईत मरणारी माणसं हे होतं, पण तेवढंच नव्हतं. १६ फेब्रुवारीपासून व्हेनिसमध्ये प्लेगवर आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरणार होती. हिंदुस्थानातून येणारी जहाजं आणि माल युरोपातली राष्ट्रं अडवतील, हा धोका समोर होता. मुंबईचा कापूस आणि सगळा सागरी व्यापार पणाला लागला होता. बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला आम्ही तपासतो, असं परिषदेत दाखवायचं तर हातात कायदा हवा होता. म्हणून चार कलमांच्या कायद्यातही जहाज आणि रेल्वे नाव घेऊन येतात.

४. १८९७ च्या आधी प्रवाशांवर बंधनं नव्हती का?

होती, पण विखुरलेली. १८६० च्या दंडसंहितेत कलम २६९ आणि २७० रोग पसरवण्याबद्दल आणि २७१ क्वारंटीनचा नियम मोडण्याबद्दल होतं. १८७० मध्ये जहाजांच्या क्वारंटीनसाठी स्वतंत्र कायदा झाला. मुंबई शहरापुरतं १८८८ च्या महापालिका कायद्यातलं कलम ४३४ होतं. त्याच कलमाच्या आधाराने म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ ला रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याची नोटीस काढली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आज ते कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलं जातं.

म्हणजे महापालिकेचा कायदा शहराच्या हद्दीपर्यंत पोचत होता आणि बंदराचा जहाजापर्यंत. हर्णैला उतरून खाडीतून होडीने आणि पुढे पायी गावी जाणारा माणूस दोन्हींच्या मधून निसटत होता. नव्या कायद्यातल्या ‘रेल्वेने किंवा अन्य मार्गाने’ या शब्दांनी त्यालाही पकडलं.

५. आगबोटीच्या प्रवाशांची तपासणी प्रत्यक्षात कशी व्हायची?

दोन ठिकाणी करता येत असे: मुंबईत बोटीत चढताना आणि गावच्या बंदरात उतरताना. पहिली जास्त कडक, कारण व्हेनिसचा डोळा मुंबईवर होता.

डॉक्टर किंवा त्याच्या हाताखालचा माणूस आधी चेहरा आणि डोळे बघे. डोळे लाल आहेत का, चाल अडखळते का, जीभ पांढरी पडलीय का. मग नाडी, कधी थर्मामीटर. शंका आली की काखेत, मानेला आणि जांघेत हात लावून गाठ चाचपायची, कारण प्लेगची गाठ तिथेच येते. ताप निघाला तर तो कसला हे ठरवायला वेळ नसे. हिवतापाने फणफणलेला माणूसही संशयित म्हणून बाजूला काढला जाई. कोकणात हिवताप काही कमी नव्हता. गाठोडं, वळकटी, जुने कपडे हे वेगळं प्रकरण. ते वाफेने, उकळत्या पाण्याने किंवा कार्बोलिक अॅसिड आणि रसकापरासारख्या पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्याने शुद्ध करायचे. अगदीच मळके असले तर जाळायचे. वर्षभराच्या कमाईतून घेतलेलं लुगडं त्या पाण्यातून निघाल्यावर कसं दिसत असेल, याचा विचार करा.

उतरण्याच्या बाजूला भूगोल सरकारच्या मदतीला होता. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राही आणि माणसं होड्या-पडावांतून किनाऱ्यावर येत. पडाव वाळूला लागतो तिथे दोन शिपाई आणि एक डॉक्टर उभा केला की सगळी बोट त्याच्यासमोरून जाणार. रेल्वे स्टेशनात माणूस रुळाच्या पलीकडे उडी मारून पळे. बंदरात ती सोय नव्हती.

मचवे, गलबतं, फत्तेमारी या शिडाच्या जहाजांची गोष्ट वेगळी. ती कुठल्याही खाडीत शिरू शकत होती आणि प्रत्येक खाडीच्या मुखावर डॉक्टर ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं.

६. बायकांनाही असंच तपासलं जायचं का?

हो, आणि सगळ्यात मोठा संताप याचाच होता. परक्या पुरुषाने चारचौघांत काखेला आणि जांघेला हात लावायचा, ही गोष्ट कोणत्याच जातीच्या किंवा धर्माच्या घरात सहन होण्यासारखी नव्हती. बायकांसाठी बाई डॉक्टर किंवा नर्स आणि आडोसा ठेवण्याच्या सूचना निघाल्या. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर त्या काही प्रमाणात पाळल्या गेल्या. पण त्या काळात बाई डॉक्टर मोजक्याच, आणि त्याही मोठ्या शहरांत.

स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्याच्या अनुभवावरून जाहीरपणे लिहिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यातल्या सोल्जरांच्या अत्याचाराच्या तक्रारी तिथे मांडल्या (प्रश्न १५). परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. ज्यांनी सोसलं त्या बायका साक्षीला पुढे येणं त्या काळात जवळजवळ अशक्य होतं. म्हणून माफीचा अर्थ ‘तक्रार खोटी होती’ असा मी लावत नाही.

७. तपासणीत निरोगी ठरलेल्या माणसालाही अडकवून ठेवायचे का? किती दिवस?

व्हेनिसच्या परिषदेने प्लेगसाठी १० दिवसांची मुदत धरली. संसर्ग झाल्यापासून रोग दिसेपर्यंत जास्तीत जास्त इतका काळ जातो, असा हिशोब होता. आजच्या वैद्यकीय माहितीप्रमाणे ही मुदत साधारण १ ते ७ दिवस आहे, म्हणजे १० दिवस अवास्तव नव्हते.

पण वेगळं ठेवणं आणि नजरेखाली ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्यात माणूस कॅम्पात. दुसऱ्यात माणूस घरी जाई, पण नाव-पत्ता लिहून द्यायचा आणि ठरलेले दिवस हजेरी लावायची. मद्रास इलाख्यात तर बाहेरून आलेल्या प्रवाशाला ‘प्लेग पासपोर्ट’ देत आणि त्याला गावच्या अधिकाऱ्यासमोर रोज हजर व्हावं लागे. घरात ‘पास’ची आठवण सांगितली जात असेल, तर असा माणूस कॅम्पात न अडकता नजरेखाली राहिला असण्याची शक्यता जास्त.

८. साहेब लोकांना आणि पैसेवाल्यांनाही हेच नियम होते?

कागदावर हेच. अंमलात नाही. वरच्या वर्गाच्या प्रवाशाची तपासणी डब्यात किंवा केबिनमध्ये बसल्या जागी, बहुतेकदा दोन प्रश्नांत आटपे. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी फलाटावर रांगेत आणि डेकवरचे प्रवासी उन्हात. नियमच ‘संशयित’ या शब्दावर उभे होते आणि संशय घेणं तपासणाऱ्याच्या मर्जीवर. मळके कपडे, डोक्यावर गाठोडं, गिरणीतला माणूस, यांवर संशय आधी जाई. चाकरमान्याने तो आपला अपमान मानला यात नवल नाही.

९. पावसाळ्यात आगबोटी बंद असत. तेव्हा तपासणी कोण करायचं?

पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद झाला की रहदारी खुश्कीच्या वाटांवर येई: पनवेल-महाड बाजूने पायी, किंवा रेल्वेने घाटावर जाऊन कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा घाटांतून खाली. रेल्वेचा भाग तपासणीत येई. मुंबईबाहेर पडणाऱ्यांसाठी कल्याण हे मोठं तपासणीचं ठिकाण होतं. पुढच्या घाटवाटांवर नाके बसवता येत, पण पायवाटा अगणित. तिथे भिस्त गावच्या पोलीस पाटलावर.

आणि खरं सांगायचं तर गावावर. बाहेरून आलेल्याला शिवेबाहेर थांबवणं, देवाला गाऱ्हाणं घालून शीव राखणं, हे कोकणातल्या गावऱ्हाटीला कोणा कायद्याने शिकवायची गरज नव्हती. ‘सरकारने अडवलं’ असं आज सांगितलं जातं, त्यातली काही प्रकरणं गावकीने अडवल्याची असू शकतात.

१०. सावंतवाडी, जंजिरा आणि गोव्यातही हा कायदा लागू होता का?

आपोआप नाही. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं, तिथे दरबारचा हुकूम लागे. पोलिटिकल एजंटाच्या, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, सल्ल्याने दरबार ब्रिटिशांसारखेच नियम काढत, त्यामुळे प्रवाशाला फरक जाणवला नसेल. पण दप्तर शोधताना फरक पडतो (प्रश्न २०). गोवा आणि दमण पोर्तुगीजांकडे, त्यांचे नियम आणि अधिकारी वेगळे. म्हणजे वेंगुर्ल्याला उतरून सावंतवाडीमार्गे गोव्यात जाणारा माणूस एका प्रवासात तीन सरकारांच्या हद्दी ओलांडत होता. दमणमध्ये १८९७ साली प्लेगने मोठा धुमाकूळ घातला होता.

११. आमच्या घरातले वडीलधारे सांगतात की एका वर्षी हजला जाऊच दिलं नाही. हे प्लेगमुळे का?

१८९७ ची आठवण असेल तर हो. त्या वर्षी मुंबईहून हजला जाण्यावर सरकारने बंदी घातली. कोकणातल्या बाणकोट, दाभोळ, राजापूरकडच्या मुसलमान घरांसाठी मुंबई हेच निघायचं बंदर, त्यामुळे जायची वाटच बंद झाली.

हज यात्रेकरूंवरची बंधनं मात्र प्लेगच्या आधीपासूनची, मुख्यतः कॉलऱ्यामुळे. १८८७ मध्ये देशी प्रवाशांच्या जहाजांचा कायदा झाला, १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांचा वेगळा. जहाजात दर माणशी जागा किती, पाणी किती, डॉक्टर हवा की नको, हे त्यात होतं. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर तुर्की सरकारचं क्वारंटीन ठाणं १८८२ पासून होतं. तिथे उतरून दिवस काढल्याशिवाय पुढे जिद्दा नाही. तेव्हा ‘बेटावर ठेवलं होतं’ अशी आठवण घरात असेल तर ते बेट मुंबईजवळचं नसून कामरान असण्याची शक्यता पाहा.

१२. नियम मोडला तर शिक्षा काय होती? आणि अन्याय झाला तर दाद?

कायद्यात स्वतंत्र शिक्षा नव्हती. नियम मोडणं हा दंडसंहितेच्या कलम १८८ खालचा गुन्हा मानायचा, एवढंच तिसरं कलम सांगतं. १८८ मध्ये साधारण प्रकारात १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, आणि कोणाच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका होत असेल तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड.

दाद मागायची वाट जवळजवळ बंद होती. चौथ्या कलमाप्रमाणे सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा किंवा फिर्याद चालत नसे. भरपाईचा उल्लेख कायद्यात आहे, पण ‘असल्यास’ अशा बेताने. ती द्यायची की नाही आणि कोणी द्यायची हे सरकारने ठरवायचं. जळालेली वळकटी किंवा बुडालेला रोज हक्काने मागायची सोय नव्हती.

१३. लस टोचून घेतली तर प्रवासाची मोकळीक मिळायची, हे खरं का?

बरंचसं खरं. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लस घेतलेल्यांना दाखला मिळू लागला आणि तो असणाऱ्याला वेगळं ठेवण्याच्या आणि प्रवासाच्या काही नियमांतून सूट दिली गेली. ज्याला गिरणीत लवकर परतायचं आहे त्याच्यासाठी हा दाखला मोलाचा. मात्र १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लसीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली आणि लोकांचा विश्वास डळमळला. ‘लस टोचली की माणूस मरतो’ ही बोलवा मात्र या घटनेच्याही आधीची.

१४. एवढं सगळं करून प्लेग थांबला का?

नाही. कारण तपासत होते माणसाला आणि रोग फिरत होता उंदरांवर. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो पसरतो कसा हे माहीत नव्हतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेचा संबंध दाखवला. अनेक वर्षं त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. १९०५ नंतर हिंदुस्थानातल्या प्लेग संशोधन आयोगाच्या कामाने तो पक्का झाला. म्हणजे बंदरावर निरोगी माणसाची काख चाचपली जात होती आणि शेजारून धान्याची पोती बोटीतून खाली उतरत होती. कपडे-अंथरुणं उकळण्यात थोडा अर्थ होता, त्यात पिसवा असू शकत.

हिंदुस्थानात प्लेगने पुढच्या तीनेक दशकांत एक कोटीहून जास्त माणसं गेली. कोकण किनाऱ्याचं चित्र तुलनेने वेगळं दिसतं. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत मुंबई शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ वरून ७,७६,००६ वर उतरली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे ११ लाखांवरून साडेअकरा लाखांच्या वर गेली. यात मुंबईतून परतलेली माणसंही धरलेली असणार, त्यामुळे ‘तपासणीने कोकण वाचलं’ असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. पण लाखो चाकरमानी गावी येऊनही जिल्हा ओस पडला नाही, एवढं आकडे सांगतात. ज्यांना रोगाचे वाहक ठरवलं, त्यांच्याबद्दल एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

१५. रँडचा खून याच प्रवासी तपासणीमुळे झाला ना?

नाही, ही सरमिसळ फार होते. पुण्यातला क्षोभ मुख्यतः घरझडतीचा. सोल्जर घरात शिरत, देवघरापर्यंत जात, माणसांना आणि सामानाला बाहेर काढत. कायदा तोच, नियम वेगळे. प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर रँड यांच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेले. मुंबईत ९ मार्च १८९८ ला दंगल झाली. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्ती सैल केली.

१६. गावाबाहेरच्या माळावर प्लेगच्या झोपड्या होत्या असं म्हातारी माणसं सांगतात. तो सरकारी कॅम्प होता का?

असेलच असं नाही. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर, शेतात झोपडी घालून राहायचं, हे लोक स्वतःहून करत. प्लेगवरचा हा सगळ्यात परिणामकारक उपाय होता, कारण माणूस उंदरांपासून लांब जाई. सरकारनेही पुढे सक्तीच्या कॅम्पाऐवजी यालाच उत्तेजन दिलं. फरक ओळखायची एक खूण: घरची माणसं एकत्र राहत होती, चूल स्वतःची होती आणि दिवसा शेतावर जायची मुभा होती, तर तो बहुतेक गावानेच घेतलेला निर्णय.

१७. १९१८ च्या इन्फ्लुएन्झातही अशीच तपासणी झाली का?

प्लेगसारखी मोठी यंत्रणा उभी राहिली नाही. जून १९१८ मध्ये तो रोग मुंबई बंदरातून आत आला आणि देशात एक कोटीहून जास्त माणसं काही महिन्यांत गेली. महायुद्ध चालू होतं, सैन्य आणि धान्य हलवायचं होतं, डॉक्टर आघाड्यांवर होते. कायदा हाताशी असूनही तो प्रवाशांवर तसा वापरला गेला नाही. व्हेनिसचा दबाव असताना एक धोरण आणि युद्धाची गरज असताना दुसरं, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

१८. सावरकर स्थानबद्ध असताना रत्नागिरीबाहेर गेले ते प्लेगमुळे, हे बरोबर आहे का?

बरोबर. जानेवारी १९२४ मध्ये सुटका करताना सरकारने त्यांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय न जाण्याची अट घातली होती. त्याच वर्षी रत्नागिरीत प्लेग आला आणि त्यांना काही काळ नाशिकला जाण्याची परवानगी मिळाली. ती अट राजकीय होती, साथीच्या कायद्याखालची नव्हती. दोन्ही बंधनं एकाच माणसावर एकत्र आली आणि एकाने दुसरं सैल केलं, असं हे प्रकरण.

१९. हा कायदा आजही लागू आहे? २०२० च्या गणपतीला आम्हाला गावाबाहेर ठेवलं ते याखालीच?

लागू आहे, दुरुस्त्यांसह. १९२० मध्ये अधिकारांची वाटणी झाली. जहाजांची तपासणी वरच्या सरकारकडे राहिली, बाकीचे अधिकार प्रांतांकडे आले. म्हणून आज राज्य सरकार स्वतःच्या सहीने नियम काढू शकतं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तसे नियम काढले.

त्या वर्षीच्या गणपतीची बंधनं मात्र एकट्या याच कायद्याची नव्हती. देशव्यापी टाळेबंदी आणि जिल्हाबंदी मुख्यतः २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होती. चाकरमान्यांसाठी राज्याने १० दिवसांचं विलगीकरण ठरवलं आणि १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यांना चाचणी सक्तीची केली. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, तारीख त्या हिशोबाने. त्याहून कडक नियम काही गावांनी स्वतःच्या ठरावाने लावले. कायद्याच्या दृष्टीने ग्रामकृती समितीचा ठराव आणि सरकारी नियम एक नव्हेत (प्रश्न ९ मधली गावकी आठवा).

२०२० च्या दुरुस्तीने केंद्राच्या तपासणीच्या अधिकारात बस, रेल्वे, मालवाहू वाहन आणि विमानही आलं. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास ३ महिने ते ५ वर्षं, गंभीर दुखापत झाल्यास ६ महिने ते ७ वर्षं कैदेची तरतूद झाली. ती गरजेचीच होती. अडकवलेल्या प्रवाशाच्या हक्कांबद्दल मात्र तेव्हाही काही लिहिलं गेलं नाही. कलम १८८ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातल्या उणिवा दाखवून मोठ्या बदलाची शिफारस केली. तो बदल होईल तेव्हा त्यात अडकवलेल्या माणसाच्या जेवणाची, औषधाची, दाद मागण्याची आणि बुडालेल्या मजुरीची कलमं असावीत, असं मला मनापासून वाटतं.

२०. आमच्या पणजोबांचं नाव कुठल्या दप्तरात सापडेल?

नावानिशी सापडणं कठीण. तपासणीच्या दैनिक याद्या फार टिकल्या नाहीत, आणि टिकल्या तिथे आकडे जास्त, नावं कमी. तरी तीन ठिकाणं पाहा. पहिलं, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटचे प्लेगवरचे खंड आहेत. त्यात बंदरांचे अहवाल, तक्रारअर्ज आणि नियमांचे मसुदे मिळतात. अर्जांत नावं सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दुसरं, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. त्या तहसील कार्यालयात मोडी लिपीत असतील, तेव्हा वाचणारा माणूस सोबत न्या. तिसरं, घर सावंतवाडी किंवा जंजिरा हद्दीतलं असेल तर त्या संस्थानाचं दप्तर आणि पोलिटिकल एजंटाचा पत्रव्यवहार.

जाण्यापूर्वी गावाचं जुनं नाव, जुना तालुका-पेटा आणि त्या घराला जवळचं आगबोटीचं बंदर लिहून न्या. त्यासाठी १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर उपयोगी. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल हेच पुढे मुंबईच्या प्लेग कमिटीचे प्रमुख झाले. ज्या किनाऱ्याची बंदरं आणि खाड्या त्यांच्या संपादनाखाली नोंदल्या गेल्या, तिथल्या माणसांची तपासणी पुढे त्यांच्याच कमिटीच्या कामात आली. मागणीपत्रात नुसतं ‘प्लेग’ न लिहिता बंदराचं नाव आणि साल लिहा. १८९७ ते १९०० पासून सुरुवात केली तर हाती काही लागण्याची शक्यता जास्त.